कावीळ उतरली, श्रेय कोणाचे?

पनवेल आज महामार्ग, लोकल गाड्या आणि उंच इमारतींचे शहर म्हणून ओळखले जात असले, तरी औषधांच्या इतिहासात त्याचे नाव बरेच आधीपासून आहे. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे आयुर्वेदीय औषधे तयार करायला सुरुवात केली आणि त्यातून श्री धूतपापेश्वर हा कारखाना उभा राहिला. वैद्याच्या खलात एकेका रोग्यापुरते घोटले जाणारे औषध एका जागी, ठरलेल्या कृतीने आणि मोठ्या प्रमाणावर करायचे व दूरच्या गावांपर्यंत पोहोचवायचे, ही त्या काळी मोठी झेप होती. या कारखान्याच्या यादीतली आरोग्यवर्धिनी मराठी घरांना आजही परिचित आहे. डोळे पिवळे दिसले की घरातली वडीलधारी माणसे जी दोन-तीन नावे घेतात, त्यांत ती हमखास असते. सोबत भुईआवळा आणि गुळवेल असतात. या तीन औषधांवर मुंबईत आणि चेन्नईत गंभीर संशोधन झाले आहे. त्या आधारे या प्रकरणात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. काविळीचे औषध गुणकारी आहे की नाही, हे ते घेऊन बरा झालेला रुग्ण सांगू शकत नाही. ते न घेतलेला, पण तशीच कावीळ झालेला दुसरा रुग्ण त्याच्या शेजारी ठेवून पाहिल्यावरच ते कळते. ऐकायला हे सोपे वाटते, पण ते मान्य केले तर काविळीविषयीच्या आपल्या बहुतेक समजुतींचा आधारच निघून जातो.

असे का, हे समजण्यासाठी आधी शरीरात काय घडते ते पाहू. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते रक्तातून उचलते, पाण्यात विरघळेल अशा रूपात आणते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. यकृताच्या पेशींना सूज आली की हे काम मंदावते, रक्तात बिलिरुबिन साठते आणि डोळे, त्वचा, लघवी पिवळी होते. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे, आणि त्यामागे अनेक रोग असू शकतात. आपल्याकडे अचानक होणाऱ्या काविळीत सर्वाधिक वाटा असतो तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंचा. या दोन्ही विषाणूंचा जोर डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दिवसांत सर्वांत जास्त असतो. पिवळेपणा दिसतो तेव्हा शरीराने लढाई बरीचशी जिंकलेली असते. यकृताची भरून येण्याची ताकद तर विलक्षण आहे. शस्त्रक्रियेत दोन तृतीयांश यकृत काढून टाकले, तरी उरलेला निरोगी भाग वाढून जवळपास मूळ आकार गाठतो. त्यामुळे ए आणि ईच्या काविळीतून शंभरांतले नव्याण्णवच्या आसपास रुग्ण काही आठवड्यांत आपोआप पूर्ण बरे होतात. पिवळेपणा मात्र रेंगाळतो, कारण बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटतो आणि अल्ब्युमिनच्या सावकाश गतीनेच शरीराबाहेर पडतो. आत यकृत सावरलेले असते आणि आरशात डोळे अजून पिवळे दिसत असतात.

आता रुग्ण औषधासाठी कधी बाहेर पडतो ते पाहा. मळमळ, ताप, अन्नावरची वासना उडणे या पहिल्या दिवसांत कोणाला काविळीची शंका येत नाही. डोळे गडद पिवळे झाल्यावर शोधाशोध सुरू होते, म्हणजे बरोबर त्या टप्प्यावर, जिथून पुढे उतारच असतो. या टप्प्यावर काहीही केले तरी ते लागू पडल्यासारखे दिसते. मंतरलेले पाणी, नाकात घातलेला रस, मनगटावर दिलेला डाग, गळ्यात घातलेली माळ, सगळ्यांनाच यश येते. माळ लांब होत जाते, कारण ती ओल्या देठांच्या तुकड्यांना विशिष्ट गाठी मारून केलेली असते; देठ सुकून बारीक झाले की गाठी सैलावतात. ती निरोगी माणसाच्या गळ्यात घातली किंवा खुंटीला टांगली तरी तेवढीच वाढते. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळे होते, ते हाताला आधी लावलेल्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. हे उपचार करणारे सगळेच फसवणारे असतात असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या अनेकांनी शेकडो माणसे आपल्या हाताखाली बरी होताना पाहिलेली असतात आणि त्यांचा विश्वास प्रामाणिक असतो. पण हाच प्रामाणिक अनुभव पदवीधर डॉक्टरलाही येतो आणि वैद्यालाही येतो. बरे झालेल्यांची संख्या मोजून या तिघांत निवड करता येत नाही, कारण ती संख्या तिघांकडे सारखीच असणार आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेचा. हजारो वर्षे जे टिकले ते उगाच टिकले का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण आयुर्वेदाचे कामलेविषयीचे, म्हणजे काविळीविषयीचे, निरीक्षण खरोखर सूक्ष्म आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचे प्रकार वेगळे काढलेले आहेत, आणि ज्या प्रकारात पित्ताची वाट अडते त्यात मळाचा रंग वाटलेल्या तिळासारखा फिका होतो, असे नोंदवले आहे. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकल्यावर मळ पांढुरका होतो, ही आजच्या शल्यचिकित्सकाचीही पहिली खूण आहे. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी नसताना केवळ डोळ्यांनी पाहून हा फरक टिपणे ही थोर गोष्ट आहे. पण रोग ओळखण्यातली अचूकता आणि उपचार ठरवण्यातली अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळाचा रंग समोर दिसतो आणि निरीक्षणाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. औषधाचा गुण तसा समोर दिसत नाही, कारण औषध दिले नसते तर काय झाले असते हे त्याच रुग्णात पाहता येत नाही. युरोपातल्या डॉक्टरांनी रक्त काढण्याचा उपचार शतकानुशतके केला आणि त्यांनाही त्यात पदोपदी गुण दिसत होता. परंपरा काय तपासावे हे फार चांगले सांगते, आणि तपासण्याची गरज मात्र तिच्यामुळे संपत नाही.

आरोग्यवर्धिनीची गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. रसरत्नसमुच्चय या ग्रंथातल्या पाठात पारा, गंधक, लोह, अभ्रक आणि ताम्र यांबरोबर त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ आणि चित्रकमूळ आहे. आणि या सगळ्यांच्या एकत्रित वजनाइतकी एकटी कुटकी. म्हणजे गोळीतला निम्मा भाग हा हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवणाऱ्या या जहाल कडू मुळीचा असतो. मुंबईतले औषधशास्त्रज्ञ डॉ. अशोक वैद्य आणि डी. एस. अंतरकर यांनी सहकाऱ्यांसह या औषधाला एक साधा प्रश्न विचारला आणि १९८० साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांत त्यांनी डबल-ब्लाइंड चाचणी घेतली. अशा चाचणीत काही रुग्णांना खरे औषध मिळते आणि काहींना अगदी तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी मिळते. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नसते आणि त्याला तपासणाऱ्यालाही ठाऊक नसते. औषधाच्या बाजूने झुकलेली नजर निकालात शिरू नये यासाठी ही सगळी व्यवस्था. निष्कर्ष आरोग्यवर्धिनीच्या बाजूचा आला. माझ्या मते त्या निष्कर्षाइतकेच मोल तो प्रश्न विचारण्याला आहे. आयुर्वेदाचे औषध असे तपासताच येत नाही, हे म्हणणे तिथेच मागे पडले.

डॉ. वैद्य यांनी पुढे या पद्धतीची सुसंगत मांडणी केली आणि तिला रिव्हर्स फार्माकॉलॉजी हे नाव रूढ झाले. नेहमीचे औषधसंशोधन प्रयोगशाळेतल्या रेणूपासून सुरू होऊन अनेक वर्षांनी माणसापर्यंत येते. येथे माणूस ते औषध आधीपासून घेतच असतो, म्हणून रुग्णांतल्या काळजीपूर्वक नोंदींपासून सुरुवात करायची आणि मग प्रयोगशाळेत मागे जाऊन कारण शोधायचे. कुटकीच्या बाबतीत त्यांनी हेच केले: आरोग्यवर्धिनीचा रुग्णांतला निकाल आधी, आणि तिच्यातल्या कुटकीची तपासणी नंतर. परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून निघणाऱ्या जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनमध्ये १९९६ साली त्यांच्या गटाचा निबंध आला. कुटकीच्या प्रत्येक कॅप्सूलमध्ये पिक्रोसाइड या घटकांचे प्रमाण किती, हे त्यांनी आधी मोजले. उंदरांच्या यकृताला इजा करून कुटकीने ती कमी होते का ते पाहिले. मग हिपॅटायटिस बी नसलेल्या काविळीच्या १५ रुग्णांना दिवसातून तीनदा ३७५ मिलिग्रॅम कुटकीचे चूर्ण दोन आठवडे दिले आणि १८ रुग्णांना तसेच दिसणारे निरौषधी चूर्ण दिले. बिलिरुबिन २.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सरासरी २७ दिवस लागले, तर दुसऱ्या गटात जवळपास ७६ दिवस.

हा फरक पाहून आनंद वाटतो, आणि म्हणूनच थांबून विचार करायला हवा. ३३ रुग्ण ही संख्या लहान आहे. एका गटात चार-पाच जणांची कावीळ जास्त गंभीर निघाली तरी सरासरी हलते. निरौषधी गटाचे ७६ दिवस हाही आकडा साध्या काविळीच्या मानाने फार लांबलेला आहे, आणि त्या गटात मुळातच हळू बरे होणारे रुग्ण जास्त गेले असावेत ही शक्यता उरते. तिसरी अडचण त्या काळाची आहे. रुग्णाला हिपॅटायटिस बी नाही एवढे सांगून त्याला कोणता विषाणू आहे हे ठरत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाणी शिरलेल्या यमुनेच्या पाण्यातून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, तेव्हा ती हिपॅटायटिस ए असावी असे मानले गेले. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्त पुढे नव्या चाचणीने तपासले गेले. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या एम. ए. श्रीनिवासन, खोर्शेद पावरी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये दाखवून दिले, की तो रोग एही नव्हता आणि बीही नव्हता. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी स्वतःला संसर्ग करून घेऊन त्या विषाणूचे कण पाहिले. आज आपण त्याला हिपॅटायटिस ई म्हणतो. पुण्यात डॉ. विद्या अरणकल्ले यांनी या विषाणूवर अनेक वर्षे काम केले. भारतातल्या डुकरांत सापडणारा ई विषाणू चौथ्या जनुकीय प्रकारचा आहे आणि माणसांत कावीळ करणारा पहिल्या प्रकारचा आहे, हे त्यांच्या गटाने दाखवले. म्हणजे आपल्या साथींचा उगम माणसांच्याच मैल्यात शोधावा लागतो. कुटकीच्या चाचणीतल्या कोणत्या रुग्णाला ए होता आणि कोणाला ई होता, हे कळले असते तर त्या २७ दिवसांना बरेच अधिक वजन आले असते.

म्हणून कुटकीविषयी माझे मत असे आहे की तिच्या बाजूने चांगला पुरावा आहे, पण तो पुरेसा नाही, आणि तिची मोठी चाचणी आता व्हायला हवी. याला आणखी एक कारण आहे. बेसुमार तोडणीमुळे ही वनस्पती १९९७ पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या संरक्षित यादीत आहे. ती उपयोगी असेल तर तिची लागवड वाढवणे हे सार्वजनिक आरोग्याचे काम आहे. उपयोगी नसेल तर हिमालयाच्या उतारावरून तिला उपटत राहण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. दोन्ही बाबतींत उत्तर माहीत असणे आवश्यक आहे.

लहान चाचणीवर विसंबून राहण्याचा धोका किती खरा आहे, हे भुईआवळ्याने दाखवून दिले. पावसाळ्यात अंगणात, बांधावर, रेल्वेच्या रुळांकडेला उगवणारी ही वनस्पती मद्रास विद्यापीठातल्या डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी हिपॅटायटिस बी वाहणाऱ्या लोकांवर वापरून पाहिली. त्यांच्या सहलेखकांत बारूच ब्लमबर्ग होते, म्हणजे ज्यांनी बी विषाणूची पहिली खूण शोधली आणि ज्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले तेच. १९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला: २०० मिलिग्रॅम चूर्ण दिवसातून तीनदा, ३० दिवस घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, तर निरौषधी गटात २३ पैकी एकाच्या. जुनाट बीमध्ये ही खूण आपोआप जाण्याचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याच्या आसपास असते, हे लक्षात घेतले तर ५९ टक्के हा आकडा थक्क करणारा होता. जगभर आशा पसरली. पण थायलंडमध्ये १९९० साली आणि न्यूझीलंडमध्ये १९९४ साली झालेल्या प्रयोगांत भुईआवळ्याचा असा परिणाम दिसला नाही. वनस्पतीची जात, जमीन आणि तोडणीचा हंगाम यांमुळे गुण बदलत असावा, असा युक्तिवाद झाला, आणि तो चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. पण तो खरा असेल तर बांधावरचा भुईआवळा उपटून खाणाऱ्याला नेमके काय मिळते हे कोणालाच सांगता येणार नाही, हेही मान्य करावे लागते. दुःख याचे आहे, की आपल्या गावांत अजून १९८८ ची बातमीच फिरते आहे. त्यानंतरची बातमी तिथपर्यंत पोहोचलीच नाही, आणि पांढरी कावीळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीचे रुग्ण त्या आशेवर तपासणी पुढे ढकलत राहतात.

गुळवेलीची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. मराठी वाचकांना ललित लेखिका म्हणून ओळखीच्या असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर या केईएममध्ये औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट आणि डॉ. निर्मला रेगे यांच्यासह त्यांनी अडथळ्याच्या काविळीचा, म्हणजे पित्तनलिका बंद झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. असे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने दगावत असत, कारण त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ३० रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना गुळवेलीची जोड दिलेल्या गटातले सुमारे ९२ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर वाचले आणि जोड न दिलेल्या गटातले ४० टक्के. ही महापालिकेच्या रुग्णालयात झालेली तपासणी होती. तीच गुळवेल २०२० च्या करोनाकाळात प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी घराघरांत महिनोन्महिने उकळून प्यायली गेली. त्या वर्षाअखेरच्या काही महिन्यांत मुंबईत गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी ते २०२१ मध्ये नोंदवले, आणि २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. अनेकांत लक्षणे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला करण्याची होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची गल्लत झाली असावी असे त्यांचे म्हणणे होते. ही गल्लत बाजारात होऊ शकते, आणि तेवढ्यानेही घरगुती वापराचा धोका सिद्ध होतो. पण मुख्य गोष्ट अशी, की केईएमच्या अभ्यासाचा आणि या नोंदींचा एकमेकांशी विरोध नाही. जी वनस्पती प्रतिकारशक्ती जागी करते, ती खचलेल्या रुग्णाला तारू शकते आणि ज्याची प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेली आहे त्याला मारक ठरू शकते. कोणाला, किती, किती दिवस, हे ठरवणारा प्रश्न नेमका विचारला जातो तेव्हाच ती औषध होते.

केवळ झाडपाल्याची औषधेच तपासली जातात, ॲलोपॅथीला कोणी विचारत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. वस्तुस्थिती तशी नाही. भारतात औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेत क्षयरोगावरच्या औषधांचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि हे आपल्याला कळते ते आधुनिक वैद्यकाने स्वतःच्या औषधांचा हिशेब ठेवला म्हणून. ती औषधे देताना यकृताच्या तपासण्या केल्या जातात, त्रास झाला तर ती थांबवून क्रमाने पुन्हा सुरू केली जातात. वैद्यांच्या औषधांनाही हीच वागणूक मिळावी एवढीच मागणी आहे, आणि मी तिला आयुर्वेदाचा सन्मान समजतो.

अधिक विचारपूर्वक घेतला जाणारा आक्षेप आहे तो प्रकृतीचा. वैद्य प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे औषध देतो, मग सर्वांना एकच गोळी देणारी चाचणी आयुर्वेदाला कशी लागू पडेल? याचे उत्तर कृतीतून मिळालेले आहे. संधिवातावर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोइमतूरच्या वैद्यांनी ४३ रुग्णांपैकी ज्यांच्या वाट्याला आयुर्वेद आला त्यांना प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार औषधे ठरवून दिली, बाकीच्यांना मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध किंवा दोन्ही मिळाले, आणि तरीही कोणाला काय मिळाले हे झाकून ठेवणे जमले. चिठ्ठी टाकून ठरवायचे ते रुग्ण कोणत्या पद्धतीकडे जाणार एवढेच. त्यानंतर वैद्याला पूर्ण मोकळीक देता येते. निरौषधी गोळी देणे अन्यायाचे नाही का, हाही प्रश्न रास्त आहे. हिपॅटायटिस ए आणि ईवर विषाणू मारणारे सर्वमान्य औषध नाही, विश्रांती आणि देखरेख हाच उपचार आहे, म्हणून तिथे अशी तुलना न्याय्य ठरते. हिपॅटायटिस सीमध्ये ती आता गुन्हा ठरेल, कारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी त्याचे ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. खर्चाचा आक्षेप खरा आहे. आरोग्यवर्धिनीवर कोणाचेही पेटंट नाही, मग कोट्यवधींची चाचणी कोण करील? सरकारने करावी. केईएमने तीस रुग्णांत जे केले ते राज्यातल्या वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयांनी मिळून हजार रुग्णांत करावे. पनवेलसारख्या ठिकाणी जिथे दीडशे वर्षे औषध बनते आहे तिथल्या उद्योगाने प्रमाणित औषध पुरवावे आणि चाचणीच्या निकालात हात घालू नये.

तरीही कोणी म्हणेल, की कावीळ आपोआप बरी होणार असेल तर माळ घातली किंवा काढा प्यायला म्हणून बिघडले काय? बिघडते ते त्या थोड्या लोकांचे, ज्यांची कावीळ आपोआप बरी होणारी नसते, आणि ते कोण हे डोळ्यांच्या रंगावरून कळत नाही. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर २० ते २५ टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावू शकतात. पित्तनलिकेतली गाठ लवकर कळली तर काढता येण्याची शक्यता असते, उशीर झाला तर ती संधी हातची जाऊ शकते. बी विषाणू मोठेपणी झाला तर बहुतेक जण त्याला हरवतात, पण जन्मावेळी आईकडून झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांपर्यंत बाळांत तो कायमचा राहतो आणि पुढे सिरॉसिस किंवा यकृताच्या कर्करोगाकडे नेऊ शकतो. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिलेली लस ते बरेचसे टाळते, आणि ती लस २०११ पासून देशभरच्या लसीकरणात आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात कोणाला कावीळ झालेली दिसली तर कोणतेही औषध घ्या किंवा घेऊ नका, आधी रक्त तपासून घ्या आणि कोणता विषाणू आहे ते विचारा. विषाणू सापडला नाही तर सोनोग्राफी करा. घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, वैद्याचे असो वा डॉक्टरचे, डॉक्टरांना सांगा आणि वेष्टन जपून ठेवा. रुग्ण गर्भवती असेल, गुंगीत जात असेल, असंबद्ध बोलत असेल किंवा कुठून रक्त येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी आणि औषधे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.